घाटावरचा नमस्कार

१

बुद्धमंदिरातलं छोटं आसन रिकामं होतं. सोन्याच्या वर्खाचे दोन-तीन कपटे तेवढे त्यावर चिकटून राहिले होते. वीतभर उंचीची भरीव सोन्याची उभी मूर्ती भर दुपारी नाहीशी झाली होती आणि सूर्य कलायच्या आत गावानं चोरही ठरवून टाकला होता. असल्या कामात बांगनोई गावानं कधी उशीर केला नाही.

तसं एकोणीसशे दहा सालानं गावाला आधीच बेजार केलं होतं. मे महिन्यात पहाटेच्या आभाळात शेपटीचा तारा दिसला आणि लोकांनी देवाला काय काय कबूल केलं. ही सोन्याची मूर्तीही त्याच भीतीपोटी विहारात आली होती. गूळ रांधणाऱ्या क्लिनच्या आईनं पिढ्यांची घरातली मूर्ती उचलली आणि थोरल्या भंतेंच्या पायाशी ठेवली. तारा गेला, पण पावसाळ्यात म्हातारीही गेली. जूनमध्ये बँकॉकच्या चिन्यांनी माणशी बसवलेल्या डोईपट्टीवरून दुकानं बंद ठेवली. त्यांचं बघून इथल्या एकुलत्या एका चिनी दुकानदारानं, तान चुईनं, फळ्या लावल्या आणि गाव मिठातेलाला महाग झालं. ऑक्टोबरात तर थोरले महाराजच गेले. सगळ्या बांगनोईनं, बायकांसकट, रिवाजाप्रमाणे डोकी तुळतुळीत केली आणि पांढरे कपडे घातले. गावात केस उरले ते एका तान चुईच्या पाठीवरच्या वेणीत.

चोरी झाली तेव्हा अख्खं गाव सभामंडपात महाराजांसाठीचं सूत्रपठण ऐकत बसलं होतं. शेकडो पांढरी वस्त्रं, शेकडो गोटे. त्यात कोण होतं आणि कोण नव्हतं हे कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं. भिक्खूंचं मात्र तसं नव्हतं. ते ओळीनं ओट्यावर बसले होते आणि त्यातली एकच जागा रिकामी होती, हेंग भिक्खूची. हेंग तान चुईचा मुलगा. तो तापानं आपल्या कुटीत पडून होता, असं त्याचं म्हणणं.

आणि घाटावर पानसुपारी विकणाऱ्या मियेन आजीनं मंदिराकडून एक भिक्खू येताना पाहिला होता. पिवळं चीवर, खांद्याला भिक्षापात्र. लहान होडीत बसून तो वळणापलीकडे गेला. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, चेहरा काही दिसला नाही. पण गावाला चेहऱ्याची गरज पडली नाही.

याला आता आठवडा होत आला होता. लुआंग पिनित हा तिथला अंमलदार, पन्नाशीचा, पोटानं सुटलेला आणि स्वभावानं गोचिडीसारखा चिकट. त्या दिवशी सकाळी त्याला प्रांताधिकाऱ्यांचा निरोप आला. संध्याकाळच्या लाँचनं आरोपीला पाठवा. चीवर उतरवून पाठवा.

२

हेंग कुटीच्या पायरीवर बसला होता. ताप उतरला होता, पण गाल आत गेले होते.

"मी घेतली नाही," तो म्हणाला. "यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

"कुणी बघायला आलं होतं का तुम्हाला, भंते?"

"सगळे मंडपात होते. कोण येणार?"

पिनितनं त्याच्याकडे नीट पाहिलं. चार वर्षावास, म्हणजे चार पावसाळे, विहारात काढलेला भिक्खू. भुवयांसकट गुळगुळीत केलेला शांत चेहरा. खोटं बोलणारा माणूस जरा जास्त बोलतो, हा पिनितचा अनुभव. हा तर मागितल्याएवढंही बोलत नव्हता.

कुंपणापाशी तान चुई उभा होता. त्यानं पिनितची बाही धरली, मग चूक लक्षात येऊन सोडली.

"साहेब, दुकान बंद ठेवलं ते मी. लोकांचा राग माझ्यावर आहे. मला न्या की."

"दुकान बंद ठेवणं ही चोरी नव्हे, तान चुई."

"त्याला दीक्षा दिली त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मी या गावचा झालो. आज संध्याकाळी घाटावर सगळ्यांदेखत त्याचं चीवर काढणार. उद्या तो निर्दोष ठरला तरी हे कुणी विसरेल का?"

म्हातारा खरं बोलतोय हे पिनितला कळत होतं. आजची संध्याकाळ टळली पाहिजे, एवढं त्यानं मनाशी पक्कं केलं.

विहाराच्या अंगणात नेहमीची मंडळी जमलीच होती. सोनार तुएम सर्वांत पुढे. मूर्ती वितळवून मोठी, आत पोकळ अशी घडवा, असा सल्ला त्यानं भंतेंना दिला होता आणि शिव्या खाल्ल्या होत्या. त्याच्या शेजारी शाळेचे चोत मास्तर, कपाळाला डोळ्यांपर्यंत पट्टी. बारा वर्षं भिक्खू होते. थोरल्या भंतेंशी वाजलं म्हणून चीवर सोडून बाहेर पडले. जरा मागे क्लिन, गुळाची मडकी कावडीत घेऊन आलेला. त्याच्या भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळे तोंड उगाचच चकित झाल्यासारखं दिसत होतं.

"साहेब, अजून विचारपूसच चाललीय?" तुएम म्हणाला. "मांजरानं दूध प्यायलं की मिशा बघायच्या. मांजराची मुलाखत घेत नाहीत."

"तुझ्या भुवया मिशांएवढ्या आहेत, तुएम. आधी त्याच बघतो," पिनित म्हणाला. लोक हसले. "मास्तर, कपाळाला काय झालं?"

"फळा पडला. वैद्यानं टाके घातलेत."

"आणि तुझं काय रे, क्लिन?"

"चुलाण भडकलं साहेब. काहिलीत वाकून बघत होतो, झाळ आली तोंडावर." त्यानं डोळे मिचकावले आणि लांब पापण्यांवर बसलेली माशी उडवली. "बायको म्हणते, होतास तोच बरा होतास."

"दिवस भरले ना तिचे?"

"आज-उद्याच. लग्नाला नऊ वर्षं झाली, हे पहिलं." त्यानं कावड उचलली. "पण मियेन आजी यायला नाही म्हणते. का, ते सांगत नाही. तुम्ही जरा बोलून बघा ना, साहेब."

निम्मं गाव जिच्या हातावर जन्मलं ती सुईण बाळंतपणाला नाही म्हणते? पिनित जेवायला घरी गेला तो हाच विचार करत.

३

पिनितची बायको सायबुआ सुपारी कातरत बसली होती. हातातला पितळी अडकित्ता पिनितनं ओळखला.

"हा मियेन आजीचा ना?"

"काल दिलान मला. पानाचा डबा शेजारणीला दिलान, चटई विहारात दिलान. मी म्हटलं, आजी, काय निघालात की काय कुठे? तर म्हणते, निघालेच समज." सायबुआनं सुपारी तोंडात टाकली. "तुमचं लक्ष कुठे असतं? चोरीच्या दिवसापासून म्हातारी पालथ्या घड्यासारखी बसलीय. घाटावर येत नाही, धड जेवत नाही. तुम्ही एकदा विचारलंत, तिनं 'भिक्खू दिसला' म्हणून सांगितलं, तुम्ही मान डोलावून परत आलात. अंमलदार म्हणे."

पिनितनं भाताचं ताट तसंच सरकवलं.

"अहो, जेवून तर जा."

"ती काहीतरी गिळून बसलीय. ते बाहेर पडल्याशिवाय मला भात जायचा नाही."

मियेन आजी झोपडीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. मरायला बसलेली माणसं सहसा एवढी चिडलेली नसतात.

"आजी, तुम्ही मला अर्धंच सांगितलंत."

"चीवर सांगितलं, पात्र सांगितलं. डोळे गेलेल्या बाईनं आणखी काय सांगायचं?"

"तुम्ही अडकित्ता देऊन टाकलात. कशासाठी?"

आजी भिंतीकडे आणखी सरकली.

"आज संध्याकाळी हेंगचं चीवर उतरवणार आहेत. तुमच्याच हातावर जन्मलाय तो. मरायचंच असेल तर ते पाप कशाला पदरी घेता?"

म्हातारीनं भिंतीकडची मान वळवली. "पाप माझ्याच पदरी आहे रे, लेकरा. त्याशिवाय असं होत नाही." तिनं आवाज अगदी खाली आणला. "मी उठून त्याला वंदन केलं. आणि त्यानं... त्यानं मला उलट हात जोडले."

"कुणी?"

"त्या भंतेंनी. मला डोळ्यांनी अंधुक दिसतं, पण जोडलेले हात कळतात. नाकाशी नेऊन, मान लववून. भिक्खूनं संसारातल्या बाईला हात जोडले की तिचं आयुष्य सरतं, हे जुनी माणसं सांगत आलीत. अशा हातांनी कुणाच्या पोराला जगात आणू?"

पिनित तिच्यासमोर बसला. मग त्यानं आपलेच दोन्ही हात वर धरून बघितले.

४

तरुणपणी एक पावसाळा पिनितही चीवरात राहिला होता. दीक्षेच्या दिवशीच त्याच्या आईनं जमिनीला डोकं टेकून त्याला वंदन केलं. त्याचे हात आपोआप वर जाऊ लागले. तेवढ्यात शेजारच्या भिक्खूनं मनगट दाबलं आणि पुटपुटला, "आता नाही. आईलाही नाही." त्यानंतर पुढे कित्येक दिवस तो हात घट्ट धरून बसायचा. पण एकदा अंगात मुरलं, की भिक्खू झोपेतही कुणाला हात जोडत नाही. राजानं वाकून वंदन केलं तरी तो ते नुसतं स्वीकारतो.

हेंगचे तर चार वर्षावास झाले होते.

पिनित थेट थोरल्या भंतेंकडे गेला.

"भंते, आजीनं पाहिला तो भिक्खू नव्हताच. चीवर घातलेला संसारी माणूस होता."

थोरल्या भंतेंनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. "चीवर कुठून आणलं?"

"नुकताच पावसाळ्यानंतरचा, 'कठिन' म्हणतात तो चीवरदानाचा महिना झाला. दानासाठी घेतलेलं चीवर कुठल्या घरात नव्हतं? डोकं तर महाराजांच्या सुतकानं आधीच भादरलेलं. चोराला आयतं सोंग मिळालं. आणि तो बाहेरगावचाही नव्हे. परका माणूस पानवाल्या म्हातारीला कशाला हात जोडेल? या गावात मात्र मियेन आजी दिसली की प्रत्येक पोराचे हात वर जातात. जन्मल्यापासूनची सवय."

"म्हणजे अख्खं गाव संशयित झालं की."

"नाही, भंते. ज्यानं कधी चीवर घातलं असेल त्याचे हात तिथे अडले असते. हा असा माणूस आहे, ज्याला भिक्खूचा वेश बाहेरून ठाऊक आहे, पण तो कधी भिक्खू झालेला नाही." पिनितनं डोक्यावरून हात फिरवला, मग कपाळावरून खाली आणला आणि थबकला. "आणखी एक. आम्ही सुतकात डोकं भादरलं. तुम्ही मात्र..."

थोरल्या भंतेंनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर, इतर प्रत्येक भिक्खूच्या चेहऱ्यावर असतं तसं, भुवयांच्या जागी काही नव्हतं.

"वाटेत मोतीबिंदूवालीच भेटेल हे चोराला काय माहीत?" पिनित म्हणाला. "धड डोळ्यांचं कुणी भेटलं तर? त्यानं भुवया काढल्याच असणार. आणि भुवया आठवड्यात परत येत नाहीत."

तुएम सोनाराच्या भुवया सकाळीच सगळ्या गावानं पाहिल्या होत्या. सुरवंटासारख्या जाड, वर्षानुवर्षांच्या. तो सुटला. पिनित शाळेत गेला आणि मास्तरांना पट्टी सोडायला लावली. खाली खरीच जखम होती आणि वैद्यानं टाक्यांसाठी डावी भुवई साफ काढलेली. उजवी जागच्या जागी होती.

"झालं समाधान?" मास्तर कडवटपणे म्हणाले. "भंतेंशी भांडलो म्हणून मी चोर?"

"तुम्ही बारा वर्षं भिक्खू होता, मास्तर. मियेन आजी समोर आली असती तर तुम्ही ताठ उभे राहिला असता. मला फक्त दुसरी भुवई बघायची होती."

दोन्ही भुवया नसलेला असा गावात उरला एक जण. बाप अकाली गेला आणि एकोणिसाव्या वर्षी चुलाण गळ्यात पडलं म्हणून ज्याला कधी दीक्षा घेता आली नाही, असा एक जण. पण त्याच्या भुवया तर आगीनं गेल्या होत्या. गूळ रांधणाऱ्यांच्या जातातच. हे मनात आलं आणि पिनितला ती सकाळची माशी आठवली.

तो परत मियेन आजीच्या झोपडीकडे वळला. नदीवर दूर लाँचची शिट्टी वाजली.

५

माडांच्या बागेत चुलाण पेटलं होतं. काहिलीत रस फसफसत होता. क्लिननं वर पाहिलं, पिनितच्या मागे काठी टेकत येणारी मियेन आजी दिसली आणि त्याचा चेहरा उजळला.

"आजी, आलात?" त्यानं लगेच हात जोडले, नाकाशी नेऊन, मान लववून.

आजी थांबली. तिनं काठी पिनितच्या हातात दिली, दोन पावलं पुढे गेली आणि क्लिनचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले. बराच वेळ सोडले नाहीत.

"क्लिन," पिनित म्हणाला, "चुलाण भडकलं तेव्हा वाकला होतास म्हणालास."

"हो साहेब."

"तोंडावर झाळ आली, भुवया मुळापासून गेल्या. मग पापण्या कशा राहिल्या?"

क्लिननं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. आजीनं धरून ठेवला.

"पापण्या आधी जळतात, बाबा. हातावरचे केस त्याच्याही आधी. तुझ्या हातावर मांजरासारखी लव आहे. तुझ्या भुवया आगीनं नेल्या नाहीत. वस्तऱ्यानं नेल्या."

रस उतू जाऊन चुलाणात पडला आणि करपल्याचा वास सुटला. क्लिनचं तिकडे लक्षच नव्हतं.

"ती आमची होती," तो अखेर म्हणाला. "आमच्या घरातलं प्रत्येक मूल त्या मूर्तीच्या पायाशी जन्मलं. मीसुद्धा. आईनं तारा बघून ती देऊन टाकली आणि बघा काय झालं. आई गेली. चिन्यांनी बंद केला, होड्या थांबल्या, गुळाला पाणी सुटलं. महाराज गेले. नऊ वर्षांनी बुनमाला दिवस गेलेत, साहेब. या असल्या वर्षात रिकाम्या घरात तिला बाळंत होऊ देऊ? मला सोनं नको होतं. मूल झालं की गुपचूप परत ठेवणार होतो."

"आणि हेंग?"

"मला वाटलं, भिक्खू दिसला म्हणतील आणि गप्प बसतील. भिक्खूला कोण धरतं? ताप येऊन पडलेल्याला धरतील हे ध्यानीमनीही नव्हतं."

"पण धरला. तू आठवडाभर रोज त्याच्या कुंपणावरून गूळ घेऊन गेलास."

क्लिननं मान खाली घातली. "साहेब, एवढं बाळंतपण होऊ द्या. मग मी स्वतः येतो. फक्त दोन दिवस."

पिनितला त्याची दया आली. पण लाँच धक्क्याला लागत होती.

"दोन दिवसांनी हेंगच्या अंगावर चीवर नसेल. मूर्ती कुठे आहे?"

उत्तर आतून आलं. पोट सांभाळत, दाराच्या चौकटीला धरून बुनमा उभी होती. काखेत गुळाचं एक मडकं होतं.

"सगळी मडकी बाहेर रचलीत, हे एकच माझ्या उशाशी का, असं मी विचारलं होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "तू म्हणालास, बाळंतिणीला गोड लागतं." तिनं मडकं वर उचललं आणि पायरीवर सोडलं. गुळाची ढेप दुभंगली आणि आतून सोन्याची दोन पावलं बाहेर आली. "दुसऱ्याच्या पोराला कैदेत घालून माझं पोर जन्माला घालायचं? उचल ती. पळ."

क्लिन खरंच पळाला. तशीच गूळ माखलेली मूर्ती छातीशी धरून तो बांधावरून धावत सुटला आणि पिनित आपलं पोट सावरत त्याच्यामागे.

मागे मियेन आजी बुनमाला विचारत होती, "कळा कधीपासून येतायत? आणि पाणी तापवायला टाका कुणीतरी. तो भिक्खू नव्हता, म्हणजे मी काही एवढ्यात मरत नाही. सायबुआकडून माझा अडकित्ता आणवा."

घाटावर गाव जमलं होतं. हेंगला मधोमध बसवलं होतं, पुढ्यात घडी केलेले पांढरे कपडे. थोरल्या भंतेंचा हात त्याच्या खांद्यावरच्या चीवराशी गेला होता आणि तिथेच अडला होता. क्लिन गर्दीतून वाट काढत आला, मूर्ती भंतेंच्या पायाशी ठेवली आणि जमिनीला कपाळ टेकून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मी घेतली."

पिनितनं धापा टाकत बाकीचं सांगितलं. तुएम सोनार आपल्या पायांकडे बघत राहिला.

"मागितली असतीस तर दिली असती रे," थोरले भंते क्लिनला म्हणाले. मग त्यांनी मूर्ती एका भिक्खूच्या हाती दिली. "धुऊन बुनमाच्या उशाशी नेऊन ठेवा. मूल होईपर्यंत तिथे राहू दे."

क्लिन लाँचमध्ये चढला. कुणी ढकलायची वेळ आली नाही.

मग गर्दी बाजूला झाली आणि तान चुई पुढे आला. वेणी खांद्यावरून पुढे आली होती. तो मुलासमोर गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि डोकं घाटाच्या दगडाला टेकवलं. उठेपर्यंत त्याला बराच वेळ लागला.

हेंगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यानं पुसलं नाही. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट धरलेले. अख्खं गाव त्या हातांकडे बघत होतं आणि ते हलले नाहीत.